हात वर कोणाचा होता?

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. आठवीला संसदेचा पाठ आला की दरवर्षी वर्गात एक छोटा प्रयोग करते. 'शनिवारी पहिला तास खेळाचा असावा' असा काहीतरी ठराव वर्गापुढे ठेवते. आधी सगळ्यांना तोंडाने 'हो' किंवा 'नाही' म्हणायला सांगते. मागच्या बाकावरची चार-पाच मुले एवढ्या जोराने ओरडतात की ठराव मंजूर झालाच असे वाटते. मग हात वर करायला लावते आणि मोजते. पुष्कळदा निकाल उलटा लागतो. आवाजी मतदान आणि मतविभागणी यांतला फरक मुलांना एवढ्यावरून कळतो. संसदेतही असेच आहे. अध्यक्षांनी आवाजावरून दिलेला कौल मान्य नसेल तर सदस्य मतविभागणी मागू शकतो आणि मग कोणी कोणत्या बाजूने मत दिले याची नोंद होते. कोणी ती मागितलीच नाही तर विधेयक मंजूर झाल्याची नोंद तेवढी राहते. कोणाचा आवाज कुठला होता, हे कायमचे हवेत विरून जाते.

एप्रिल २०२५ मध्ये वक्फ विधेयकाची चर्चा आपल्या घरोघरी चालू होती. तेव्हा वर्गातल्या एका मुलीने विचारले, "टीचर, आपल्या खासदारांनी वक्फच्या बिलाविरुद्ध मत दिलं म्हणून अब्बू खूश आहेत. पण मामू म्हणतात, त्यांच्याच पक्षाने २०१९ मध्ये नागरिकत्वाच्या बिलाला हो म्हटलं होतं. मग खरं कुठलं?"

तास संपायला पाच मिनिटे होती. 'उद्या सांगते' म्हणून मी वेळ मारून नेली. तो 'उद्या' फार लांबला. त्या मुलीला द्यायचे राहिलेले उत्तर मी इथे लिहिते आहे.

आधी नोंद पाहू. आमचा मतदारसंघ दक्षिण मुंबई. गिरगाव, लालबाग, परळ, शिवडी, भायखळा, नागपाडा, डोंगरी हे सगळे त्यात येते. २०१४ पासून इथले खासदार श्री. अरविंद सावंत आहेत. मे २०१९ मध्ये ते केंद्रात मंत्री झाले आणि त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला, शिवसेना भाजपपासून वेगळी होत असताना, त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पक्ष फुटल्यावर ते उद्धव ठाकरे यांच्याबरोबर राहिले. २०२४ ची निवडणूक त्यांनी मशाल चिन्हावर जिंकली.

२५ जुलै २०१९ रोजी लोकसभेने तिहेरी तलाकविरोधी विधेयक ३०३ विरुद्ध ८२ मतांनी मंजूर केले. शिवसेना विधेयकाच्या बाजूने होती. ९ डिसेंबर २०१९ रोजी नागरिकत्व दुरुस्ती विधेयक लोकसभेत ३११ विरुद्ध ८० मतांनी मंजूर झाले. तेव्हाही शिवसेनेने बाजूने मतदान केले. महाराष्ट्रात काँग्रेस आणि राष्ट्रवादीबरोबर तिचे सरकार येऊन तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते. दुसऱ्याच दिवशी पक्षप्रमुखांनी सांगितले की शंकांची स्पष्टीकरणे मिळाल्याशिवाय राज्यसभेत पाठिंबा नाही. ११ डिसेंबरला राज्यसभेत १२५ विरुद्ध १०५ असे मतदान झाले, तेव्हा शिवसेनेचे सदस्य सभागृहाबाहेर गेले होते. म्हणजे एकाच विधेयकावर तीन दिवसांत एका सभागृहात हो आणि दुसऱ्यात ना हो, ना नाही. पुढे वक्फ विधेयकाच्या संयुक्त समितीत श्री. सावंत सदस्य होते. २ एप्रिल २०२५ ला सुरू झालेली लोकसभेतली चर्चा मध्यरात्र उलटेपर्यंत चालली. विधेयक २८८ विरुद्ध २३२ मतांनी मंजूर झाले आणि या वेळी त्यांचा पक्ष विरोधात उभा राहिला.

ही नोंद घेऊन मी घरी बसले तेव्हा लक्षात आले की माझ्या माणसांपैकी जो तो यातले आपल्या सोयीचे तेवढे पान उघडतो आहे.

आमच्या अम्मीचे बालपण लालबागच्या चाळीत गेले. नाना गिरणीत साचाखात्यात होते. गणपतीत अम्मी मैत्रिणींबरोबर आरतीला उभी राहायची आणि ईदला चाळीतल्या प्रत्येक घरी शीरखुर्मा जायचा. जानेवारी १९९३ मध्ये त्या घराला कुलूप लागले ते पुन्हा उघडले नाही. श्रीकृष्ण आयोगाच्या १९९८ च्या अहवालात त्या महिन्यातील दंगलीबाबत शिवसेनेवर ठपका आहे, हे आपण सर्व जाणतो. तरी २०२४ मध्ये अम्मीने मशालीचे बटण दाबले. मला ऐकून नवल वाटले. "माफ केलंस का त्यांना?" मी विचारले. ती म्हणाली, "मत दिलं म्हणजे माफ केलं असं कुणी सांगितलं तुला? या वेळी कुणाचा हात कुठे पडेल ते बघितलं आणि मत दिलं."

आमचे अब्बा मात्र म्हणतात की यांची नियत साफ नाही. आज मुसलमानांच्या मतांची गरज आहे म्हणून विरोध केला, उद्या गरज संपली की पुन्हा बदलतील. अब्बांचे म्हणणे मी सहज उडवून लावू शकत नाही. पण याच अब्बांनी तिहेरी तलाकच्या वेळी काय म्हटले तेही मला आठवते. तेव्हाही ते नियतीवरच बोलत होते. यांना मुसलमान बायकांचा कळवळा नाही, यांना मुसलमान पुरुषांना तुरुंगात घालायचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

त्या विधेयकावर माझे मत मिश्र होते आणि आजही आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला होता, तोंडी तलाक बंद करा म्हणून. त्या सात जणींचे गाऱ्हाणे आमदारांच्या दारात नेले गेले, त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे आपल्या हिताचे बोलणाऱ्या किती प्रतिनिधींनी त्यासाठी तोंड उघडले? २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तलाक रद्द ठरवला, त्या दिवशी मला आनंद झाला. २०१९ च्या कायद्याने नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली, ते मला पटले नाही. पण त्या चर्चेत एक गोष्ट मला खटकली. 'त्यांची नियत वाईट आहे' एवढे म्हटले की आपली सुटका व्हायची. तलाक मिळालेल्या बाईचे काय, याचे उत्तर मग कोणाला द्यावे लागत नसे. राज्यसभेत ३० जुलैला ते विधेयक ९९ विरुद्ध ८४ मतांनी मंजूर झाले. बाहेर विरोधात बोलणाऱ्या पक्षांचेही कितीतरी सदस्य त्या दिवशी जागेवर नव्हते. मी शिक्षिका आहे, हजेरी घेते. गैरहजर मुलाने होही म्हटलेले नसते आणि नाहीही, हे मला ठाऊक आहे. पण मोजणीच्या दिवशी त्याच्या रिकाम्या जागेचा फायदा कोणालातरी मिळतोच.

तेव्हा माझा पहिला मुद्दा असा. मत आवडले नाही की आपण नियत शोधतो. मत आवडले की म्हणतो, नियत काहीही असो, मत आपल्या बाजूने पडले ना! हा न्याय नव्हे. अमलाची किंमत नियतीवर ठरते, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे आणि ते खरेच आहे. पण ती किंमत ठरवणारा अल्लाह आहे. दिलात काय आहे ते त्याला दिसते. दक्षिण मुंबईच्या मतदाराला ते दिसत नाही. त्याच्यासमोर फक्त अमल आहे. जो हिशेब आपल्या हाती दिलेलाच नाही तो मांडत बसायचे आणि जो दिला आहे तो मांडायचा नाही, अशी आपली गत झाली आहे.

यावर कोणी म्हणेल, अमल तरी त्या माणसाचा कुठे आहे? आक्षेप बरोबर आहे. १९८५ च्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिले, किंवा आदेश असून मत दिलेच नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. पैशासाठी पक्ष बदलणाऱ्यांना आवर घालायला तो कायदा केला. पण त्यामुळे खासदाराचा हात अर्धा त्याचा आणि अर्धा पक्षाचा झाला. म्हणून वर मी 'शिवसेनेने मत दिले' असे लिहिले. तो हात एकट्या श्री. सावंतांचा म्हणून मोजता येत नाही.

आणि नुसता हात पाहून भागत नाही हेही खरे. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक १८६ विरुद्ध १ मताने मंजूर झाले. ते एक मत महाराष्ट्राच्या शरद जोशींचे होते. ज्यांनी १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी स्त्रियांचे प्रचंड अधिवेशन भरवले, ज्यांनी लक्ष्मीमुक्तीच्या चळवळीतून शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावले, तेच हे शरद जोशी. नुसती नोंद वाचणारा त्यांना स्त्रियांचा विरोधक ठरवेल. त्यांचा आक्षेप फिरत्या राखीव मतदारसंघांच्या पद्धतीला होता आणि तो त्यांनी उघडपणे मांडला. तो आक्षेप मला पटत नाही. पण मत आणि त्यामागचे कारण दोन्ही त्यांनी आपल्यासमोर ठेवले, म्हणून पटत नाही असे तरी मला म्हणता येते.

बोलण्याची गरज आहे ती इथे. नोव्हेंबर २०२४ मध्ये श्री. सावंतांनी एका महिला उमेदवाराविषयी काढलेल्या शब्दांवरून वादळ उठले. मलाही स्त्री म्हणून ते शब्द लागले. नंतर त्यांनी खेद व्यक्त केला. शब्दाबद्दल खेद व्यक्त करता येतो. दिलेले मत मात्र परत घेता येत नाही, ते कायदा होऊन लोकांच्या घरात शिरते. त्याबद्दल एकच गोष्ट शक्य असते, ती म्हणजे हिशेब देणे. तेव्हा असे का केले, आज ते चूक वाटते का, वाटत असेल तर कशामुळे? माणूस बदलतो, पक्षही बदलतो, बदलण्यात पाप नाही. पण कारण न सांगता झालेला बदल पुन्हा कारण न सांगता उलटा फिरू शकतो. अब्बांची भीती तीच आहे, आणि तिच्यावर उपाय नियत चाचपणे हा नसून कारण विचारणे हा आहे.

हे सगळे खासदारांना सांगणे सोपे आहे. म्हणून माझी स्वतःची नोंदही इथे ठेवते.

आमची इमारत जुनी, पागडीची. पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. तिसऱ्या मजल्यावर एक तलाकशुदा बाई मुलाला घेऊन माहेरच्या खोलीत राहते. भाडेपावती तिच्या मरहूम वडिलांच्या नावावर आहे. खोलीवर फक्त आमची नावे लागावीत, असे भावांचे म्हणणे. जिन्यात मी तिला म्हटले होते, "बाजी, मी तुमच्या बाजूने आहे." मीटिंगमध्ये तिच्या नावाचा विषय निघाला. अध्यक्षांनी विचारले, हिचेही नाव असावे असे कोणाला वाटते? अब्बा कमिटीवर आहेत. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले. माझा हात मांडीवरच राहिला. कोणाचाच वर आला नाही. 'सर्वानुमते' असे लिहिले गेले.

माझ्यावर कुठल्या पक्षाचा आदेश नव्हता, सदस्यत्व जाणार नव्हते. एक नजर पुरली. माझी नियत तेव्हाही साफ होती, हे मी शपथेवर सांगते. पण त्या साफ नियतीचा तिला काय उपयोग झाला?

दोन दिवसांनी जिन्यात तिला गाठून मी माफी मागितली. ती रागावली नाही. म्हणाली, "माफीचं राहू दे. पुढच्या मीटिंगला विषय पुन्हा काढते आहे मी. येशील?"

मी हो म्हटले आहे. अब्बांनाही सांगून ठेवले आहे की या वेळी माझा हात वर असेल आणि का असेल तेही मी बोलेन. ते गप्प आहेत.

आणि त्या मुलीला माझे उत्तर असे. बेटी, त्यांचे खरे मत कुठले ते मला माहीत नाही, तुझ्या अब्बूंना नाही आणि मामूंनाही नाही. तुझ्या मामूंनी सांगितले ते घडले आहे आणि अब्बू सांगतात तेही घडले आहे. दोन्ही वहीत लिहून ठेव, एक लिहिले म्हणून दुसरे खोडू नकोस. अठरा वर्षांची झालीस आणि कोणी मत मागायला दारात आले की ती वही उघड आणि कारण विचार. पण त्याआधी, वर्गात मी हात वर करायला सांगेन तेव्हा शेजारणीकडे न बघता करत जा.