पुरेसा आवाज

घरी चित्रपटगृहाचा अनुभव घेण्यासाठी रिसीव्हर निवडताना आम्ही प्रथम वॅटचा आकडा पाहतो. परंतु पुष्कळदा तो दोनच स्पीकर चालवून मोजलेला असतो. पाचही एकदम वाजू लागले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी शक्ती येते. शिवाय 100 ऐवजी 200 वॅट घेतले, तरी ध्वनिपातळी अवघी 3 डेसिबलने वाढते. आवाज दुप्पट भासण्यास सुमारे 10 पट शक्ती लागते. मग अधिकाचा हव्यास कशासाठी? खोलीचा आकार, स्पीकरचे ओहम आणि भिंतीपलीकडे आजारी निजलेला शेजारी, एवढे ध्यानी घेतले म्हणजे पुरेसे किती, ते उमगते. कळ कोठवर फिरवावी, हे मात्र यंत्र सांगत नाही. ते आमच्या विवेकालाच ठरवावे लागते.