राजे उठून गेले तेव्हा

४ फेब्रुवारी १९१६. पंडित मदनमोहन मालवीयांच्या हिंदू विश्वविद्यालयाची कोनशिला बसवायला व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग काशीत आले. संस्थानिक हिऱ्यामोत्यांनी मढून आले होते. शहरात जागोजाग गुप्त पोलीस पेरलेले होते. भीती खोटी नव्हती. १९१२ च्या डिसेंबरात दिल्लीत हत्तीवरून मिरवणूक निघाली असता हार्डिंग यांच्यावर बॉम्ब पडला होता, ते जबर जखमी झाले होते.

दोन दिवसांनी त्याच सोहळ्यात गांधीजी बोलायला उभे राहिले. आफ्रिकेतून परतून त्यांना जेमतेम वर्ष झालेले. अध्यक्षस्थानी दरभंग्याचे महाराज. काशीसारख्या ठिकाणी परक्या भाषेत बोलावे लागते याची लाज गांधीजींनी आधी बोलून दाखवली. विश्वनाथाच्या देवळाभोवतीच्या घाणीवर बोट ठेवले, रेल्वेच्या डब्यात थुंकणाऱ्यांनाही सोडले नाही. मग राजांकडे वळले: हे दागिने अंगावरून उतरवून देशबांधवांसाठी विश्वस्त म्हणून ठेवा, त्याशिवाय देशाची सुटका नाही. शेवटी बॉम्बवाल्या तरुणांचा विषय निघाला. त्यांच्या देशप्रेमाचा त्यांनी आदर केला, मार्ग मात्र साफ नाकारला. ॲनी बेझंट यांनी त्यांना मध्येच थांबवले. ‘बोला, बोला’ असा पुकारा श्रोत्यांतून झाला. पण राजे उठले, अध्यक्ष उठले आणि सभा मोडली.

मालवीयांना त्या दिवशी काय वाटले असेल? पै-पैशासाठी ते दारोदार फिरले होते. जमीन काशीनरेशांनी दिलेली, देणग्या संस्थानिकांच्या. ज्याने ओंजळ भरली त्याला भरसभेत असे बोलावे का? हा प्रश्न हलका नाही. दात्याचे ऋण खरेच असते आणि दारी आलेल्याचा मान राखायला आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते.

तरीही गांधीजींचे बरोबरच होते. वास्तू उभी राहत होती ती मुलांसाठी. ती उभारणारा पैसा शेतकऱ्याच्या घामातून आला, हे त्या मुलांना पहिल्याच दिवशी कळायला हवे होते. तेही देणाऱ्यांच्या समोर; त्यांच्या पाठीमागे सांगितले असते तर ती नुसती कुचाळकी झाली असती.

त्या भाषणाची चर्चा काशीत पुढे कित्येक दिवस चालू होती. शिक्षणाचे दाखले चुलीत घालून, इंटरची परीक्षा सोडून घराबाहेर पडलेला कोकणातल्या गागोदे गावचा वीस वर्षांचा एक मुलगा तिथे पोचला, तेव्हा ते त्याच्या वाचनात आले. विनायक नरहर भावे, म्हणजेच विनोबा. त्याने गांधीजींना पत्रातून शंका विचारल्या. उत्तर आले, पुन्हा शंका गेल्या, तेव्हा ‘येऊन भेट’ असा निरोप आला. ७ जून १९१६ रोजी विनोबा अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात दाखल झाले.