वेगळे होणे आणि वैरी होणे

भावंडे विभक्त झाली की गावातील जाणती माणसे दोन गोष्टी विचारतात. वाटणी कशी झाली, ही एक. आणि आता येणेजाणे आहे की नाही, ही दुसरी. पहिलीचे उत्तर तलाठ्याच्या दप्तरात मिळते. दुसरीचे उत्तर माणसांच्या वागण्यातच शोधावे लागते. राज्ये आणि राष्ट्रे वेगळी होतात तेव्हाही हेच दोन प्रश्न उभे राहतात. परंतु आपण बहुधा पहिल्यावरच थांबतो.

ब्रिटनचे उदाहरण घ्या. 23 जून 2016 रोजी तेथील जनतेने युरोपीय संघ सोडावा असा कौल दिला. सोडण्याच्या बाजूने सुमारे 52 टक्के आणि राहण्याच्या बाजूने 48 टक्के मते पडली. इंग्लंड व वेल्स यांनी एक मार्ग निवडला, तर स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड यांनी दुसरा. वडीलधारी माणसे बहुतांशी एका बाजूला आणि तरुण पिढी दुसऱ्या बाजूला, अशी फूट अनेक घरांत पडली. पुढे साडेतीन वर्षे हा वाद मिटला नाही. पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार कनिष्ठ सभागृहाने तीनदा फेटाळला. 27 मार्च 2019 रोजी खासदारांपुढे आठ पर्याय ठेवण्यात आले. त्यांपैकी एकालाही बहुमत मिळाले नाही. 31 जानेवारी 2020 रोजी ब्रिटन संघाबाहेर पडले. तोवर सामान्य नागरिक इतका वैतागला होता की, निर्णय कोणताही असो, हा विषय एकदाचा संपवा, असे पुष्कळ जण म्हणू लागले होते.

हा वैताग समजण्याजोगा आहे. पण तो नेमका कशाविषयी होता? लोक वेगळे होत आहेत याविषयी, की वेगळे होताना एकमेकांना माणूस मानीनासे झाले याविषयी? आणि वेगळे होणे हेच मुळात पाप आहे काय?

पवित्र शास्त्र तसे सांगत नाही. उत्पत्तीच्या तेराव्या अध्यायात अब्राम आणि लोट यांच्या गुराख्यांमध्ये भांडणे होऊ लागली, कारण तो प्रदेश दोघांच्या कळपांना पुरेना. अब्रामाने विभक्त होण्याचा मार्ग सुचविला. तो वडील होता, निवडीचा पहिला हक्क त्याचा होता. तरी त्याने तो पुतण्याला दिला. लोटाने पाण्याने समृद्ध असलेला यार्देनेचा प्रांत घेतला. या प्रसंगावर आपण अनेक प्रवचने ऐकली आहेत. परंतु अब्रामाची खरी कसोटी चौदाव्या अध्यायात लागली. लोट शत्रूंच्या हाती सापडला, तेव्हा "त्याने निवडले, त्यानेच भोगावे" असे अब्राम म्हणाला नाही. आपली 318 माणसे घेऊन तो त्याला सोडवावयास गेला. वाटणी झाली होती; नाते मोडले नव्हते.

भिलाईत राहणाऱ्या मराठी माणसाला सरहद्दी बदलण्याचे नवल वाटू नये. भिलाई ज्या दुर्ग परिसरात वसली, त्याची राजधानी 1956 पर्यंत नागपूर होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि दुर्गची राजधानी भोपाळ झाली. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड राज्य जन्माला आले आणि राजधानी रायपूर झाली. माणसे आपल्या जागी राहिली आणि राजधान्या बदलत गेल्या. 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटलेल्या येथील पोलाद कारखान्यात देशाच्या सर्व प्रांतांतून कामगार आले होते. नव्या सरहद्दीमुळे त्यांच्यापैकी कोणी कोणाला परका झाला नाही. अर्थात, एका राष्ट्राच्या छायेत झालेली ही विभागणी ब्रिटनच्या मानाने सोपी होती, आणि येथे मतपेटीही ठेवली नव्हती. मतपेटी आली की बाजू मोजल्या जातात, आणि मोजलेल्या बाजू विसरणे कठीण जाते.

या दृष्टीने गोव्याचा अनुभव अधिक बोलका आहे. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावे, यासाठी 16 जानेवारी 1967 रोजी जनमत कौल घेण्यात आला. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळेपणाची खूण दोन पाने. विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 आणि विरुद्ध 1,72,191 मते पडली. मराठी ख्रिस्ती वाचकाच्या मनात येथे दोन ओढी निर्माण होतात. भाषेने तो एका बाजूचा, तर उपासनेने गोव्यातील त्या ख्रिस्ती बांधवांचा, ज्यांचा विलीनीकरणाला तीव्र विरोध होता. कोणत्या बाजूला देव होता, असे विचारण्याचा मोह या वाचकाला तरी होऊ नये.

त्यानंतर जे घडले ते विचार करण्यासारखे आहे. विलीनीकरणाचे पुरस्कर्ते भाऊसाहेब बांदोडकर यांनी कौल निष्पक्ष व्हावा म्हणून मुख्यमंत्रिपद आधीच सोडले होते. कौल विरुद्ध गेला. तरीही काही आठवड्यांतच झालेल्या निवडणुकीत जनतेने त्यांच्याच पक्षाला पुन्हा सत्तेवर आणले, आणि ज्या गोव्याचे वेगळेपण त्यांना नको होते त्या गोव्याचा कारभार त्यांनी 1973 मध्ये मृत्यू येईपर्यंत पाहिला. लोकांनी त्यांचे मत नाकारले, माणूस नाकारला नाही. सर्व व्रण भरून आले असे मात्र नव्हे. 1986 च्या भाषा-आंदोलनात गोव्यात पुन्हा रक्त सांडले. समेट हा एकदाच करून ठेवण्याचा व्यवहार नसतो.

ब्रिटनमध्ये नेमके हेच अवघड झाले. जिंकणाऱ्यांपैकी अनेकांना वाटले की 48 टक्क्यांनी आता बोलूच नये. हरलेल्यांपैकी अनेकांना वाटले की 52 टक्के लोक अडाणी होते. निवडीचा पहिला हक्क दुसऱ्याला देण्याची तयारी क्वचितच दिसली. आणि वैतागलेला नागरिक? तो स्वतःला या दोहोंपासून अलिप्त मानतो. परंतु "सगळे पुढारी सारखेच" असे म्हणून जो पाठ फिरवितो, तोही दुसऱ्याचे ऐकण्याच्या कष्टातून सुटका करून घेत असतो. थकवा हा दोष नाही. थकव्याच्या निमित्ताने शेजाऱ्याविषयीचे कर्तव्य टाकून देणे हा दोष आहे. सहनशीलता हे आत्म्याचे फळ आहे, आणि फळाला ऋतू लागतो.

हे सारे दूरदेशीचे आहे असे समजू नये. आपल्या मंडळ्यांतही निवडणुका होतात, मालमत्तेचे वाद होतात, खटले वर्षानुवर्षे चालतात. कधी वेगळे होणे अटळ असते. पौल आणि बर्णबा हेदेखील मार्कावरून वेगळे झाले. पण वृद्धापकाळी, बंदिवासात, पौलाने त्याच मार्काला सोबत आणण्यास तीमथ्याला लिहिले. म्हणून मतदानाच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने स्वतःला विचारावे: विरुद्ध बाजूच्या घरी आजारपण आले तर मी जाईन काय? त्यांच्या घरून निघालेल्या अंत्ययात्रेत माझा खांदा असेल काय? "होय" असे उत्तर देता येत असेल, तर झालेली विभागणी आपण ख्रिस्ती रीतीने पार पाडली. येत नसेल, तर आपण निवडणूक जिंकलो की हरलो, याला प्रभूपुढे फारसा अर्थ उरत नाही.