सतराव्या वर्षाची सही

माझी मामेबहीण सतरा वर्षांची आहे. मेलबर्नमध्येच जन्मली, वाढली. तिला डॉक्टर व्हायचंय. गेल्या महिन्यात मामाकडे जेवायला गेलो होतो, तेव्हा तिने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. स्क्रीनवर कोर्सेसच्या पसंतीक्रमाची यादी होती. "दादा, पहिल्या नंबरवर काय टाकू?"

ऑस्ट्रेलियात मेडिकलला जायच्या दोन वाटा आहेत. एक शाळेतून थेट: बारावीचा एटार रँक, युकॅट परीक्षा, मुलाखत. मोनाश विद्यापीठात या वाटेने पाच वर्षांत डॉक्टर होता येतं. दुसरी वाट लांबची. आधी कुठलीतरी पदवी घ्यायची, मग गॅमसॅट परीक्षा आणि मुलाखत, आणि मग चार वर्षांचं एमडी. (इथलं एमडी म्हणजे आपल्याकडचं एमबीबीएसनंतरचं एमडी नव्हे, डॉक्टर होण्याची ती पहिलीच पदवी.) फ्लिंडर्स विद्यापीठाने ही पदवीनंतरची वाट १९९६ मध्ये सुरू केली, मेलबर्न विद्यापीठ २०११ मध्ये तिच्याकडे वळलं. त्यामागचा एक विचार असा की डॉक्टर होणारा माणूस थोडा मोठा झालेला असावा, त्याने थोडं जग पाहिलेलं असावं.

मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "एकदाच काय ते होऊन जाऊ दे. नंतरचं कोणी पाहिलंय?"

मी मात्र क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "दुसरी वाट घे. सतराव्या वर्षी काय कळतं माणसाला?"

हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या जोरात का आलं, याचा विचार मी घरी परतताना ट्रेनमध्ये करत बसलो.

अकरावीचा फॉर्म भरताना मी बायोलॉजीऐवजी कम्प्युटर सायन्स घेतलं होतं. बाबांचे एक मित्र म्हणाले, स्कोप आहे. मी सही केली. वय सोळा. भारतात एमबीबीएसचं दार बारावीलाच आहे: बायोलॉजी, प्रवेश परीक्षा, साडेचार वर्षांचा अभ्यास आणि वर्षभराची इंटर्नशिप. पदवी घेऊन आलेल्यासाठी वेगळं दार नाही. एका रकान्यातल्या खुणेने माझा प्रश्न निकालात निघाला, आणि तो प्रश्न होता हे मला चार-पाच वर्षांनी कळलं. म्हणून माझं मत पक्कं झालं: पोराकडून सही घ्यायची आणि हप्ते मोठ्या माणसाने फेडायचे, हा अन्याय आहे.

पण हे मत तपासायला घेतलं की डगमगतं.

एल. ए. पॉल या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंनी २०१४ मध्ये एक पुस्तक लिहिलं, 'ट्रान्सफॉर्मेटिव्ह एक्सपीरियन्स'. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: काही अनुभव आपल्याला इतकं बदलतात की ते घेण्याआधी ते आपल्याला हवेत की नकोत हे नीट ठरवताच येत नाही. आई-बाप होणं हे त्यांचं एक उदाहरण. डॉक्टर होणंही मला त्यातलंच वाटतं. पहाटे तीन वाजता एखाद्या नातेवाइकाला 'पेशंट गेला' असं सांगणं सतराव्या वर्षी कळत नाही, हे खरं. पण एकविसाव्या वर्षी तरी कुठे कळतं? बायोमेडिसिनची पदवी त्या क्षणाची तालीम देत नाही. थांबल्याने माणूस मोठा होतो, पण ज्याबद्दल ठरवायचंय ते तरीही समोर आलेलं नसतं.

दुसरं, थांबायलाही पैसे लागतात. कागदावर हिशोब पाच वर्षं विरुद्ध सात वर्षं असा आहे. पण गॅमसॅट पहिल्या फटक्यात निघेल आणि सीट मिळेल याची खात्री नसते. पुन्हा पुन्हा परीक्षा देणारे असतात, आणि तोवर त्यांचं घरभाडं कोणीतरी भरत असतं. 'सावकाश ठरव' हा सल्ला ज्याच्या पाठीशी घर आहे त्यालाच परवडतो. उलट ज्याला सतराव्या वर्षी चांगली शाळा किंवा क्लास मिळाला नाही, त्याच्यासाठी हीच लांबची वाट एकमेव दुसरी संधी असते. म्हणजे एकच वाट एकाला चैन, दुसऱ्याला आधार.

मग अन्याय नेमका कशात होता? मी सोळाव्या वर्षी ठरवलं यात नसावा. ते ठरवणं पुन्हा उघडता येतं का, हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. घरात 'आता झालं' असं म्हटलं गेलं आणि विषय मिटला.

पुढच्या रविवारी मी पुन्हा मामाकडे गेलो. या वेळी आधी विचारलं, "तुला का व्हायचंय डॉक्टर?" हे मी मागच्या वेळी विचारलंच नव्हतं. ती वर्षभर दर शनिवारी एका वृद्धाश्रमात जाते. म्हणाली, "तिथे एक आजी आहेत. त्या मला रोज नवीन समजतात. मला वाटलं होतं कंटाळा येईल. नाही आला." सतरा वर्षांच्या मुलीला काय कळतं, या माझ्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त होतं.

मग तिने सहज विचारलं, "दादा, दुसरी वाट एवढी चांगली आहे, तर तू का नाही देत गॅमसॅट? इंजिनिअरला चालते ना?"

मामा हसला. मी नाही हसलो. माझ्या लॅपटॉपवर 'टॅक्स' नावाचा एक फोल्डर आहे, त्यात आठ महिन्यांपासून गॅमसॅटचे सराव पेपर पडून आहेत. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. नोकरी चांगली आहे, पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता मीच भरतो. माझ्या मनातली वाट मी तिच्या यादीत पहिल्या नंबरवर टाकायला निघालो होतो. ती चालली असती आणि मी कडेला उभं राहून बघितलं असतं.

जेवणानंतर बाल्कनीत तिला म्हणालो, "मोनाश वर टाक, तुला तेच हवंय. पण दोन वर्षांनी नको वाटलं, तर मामाच्या आधी मला फोन कर. सोडणं म्हणजे हरणं नाही, हे तेव्हा घरात मी बोलेन. हे माझं काम."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

मग तिला त्या फोल्डरबद्दल सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "नाव तरी बदल त्याचं."