रुतलेले चाक

जी यंत्रे युद्धासाठी जन्माला आली त्यांच्या हुबेहूब लहान प्रतिकृती करण्यात माणसाला आनंद वाटतो, ही गोष्ट उघड आहे. त्या आनंदात काही दोष आहे काय, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. या अंकासाठी आम्ही तो विचारावयाचे ठरविले आहे, आणि तोही एका आडवाटेने. रणगाडे, तोफा, लढाऊ विमाने यांच्या प्रतिकृती करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यात एक लहानसा गट असा असतो की त्याला या दिमाखदार यंत्रांत रस नसतो. चिखलात फसलेला रणगाडा ओढून काढणारी रिकव्हरी गाडी, सुरुंग बाजूला सारणारे यंत्र, नाल्यावर पूल पसरणारे वाहन, बुलडोझर, क्रेन, एवढेच हे लोक करीत बसतात. एकास पस्तीस हे त्यांचे आवडते प्रमाण. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी एक रणगाडा बाजारात आणला. त्याच्या पोटात मोटर आणि सेल मावावेत एवढा तो मोठा केला, आणि मागाहून मोजले तेव्हा हे प्रमाण निघाले. पुढे साऱ्या जगाने ते शिरोधार्य मानले. मोठमोठ्या परंपरांचा उगमही पुष्कळदा असाच असतो.

हा छंद आपल्याला परका आहे असे कोणी समजू नये. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून त्याला बुरूज, तटबंदी, चोरवाट आणि पाण्याचे टाके करणारी मराठी मुले पिढ्यान्‌पिढ्या लष्करी बांधकामाच्याच प्रतिकृती करीत आली आहेत. आपल्यापैकी ज्यांची मुळे नागपूर-चंद्रपूरकडची आहेत, त्यांच्या घरी तान्ह्या पोळ्याचा चाकांवरचा लाकडी बैल अजून कोनाड्यात सापडेल. किल्ला ही युद्धाची प्रतिकृती, तर तान्हा पोळा ही ओढणाऱ्याची, म्हणजे जो स्वतः लढत नाही परंतु ज्याच्यावाचून काही हलत नाही त्याची. आणि खेळण्यांची पंढरी असलेले निर्मल तर आपल्या वाटेवरच आहे. तेथले नकाश कारागीर पोनिकीच्या हलक्या लाकडात फळे, पाखरे आणि जनावरे कोरतात, लाकडाचा भुसा आणि चिंचोक्याची खळ यांनी सांधे बुजवितात आणि मग रंग चढवितात. २००९ साली या कामाला भौगोलिक मानांकन मिळाले. निजामाच्या फौजेसाठी तोफा ओतण्याचे कामही एके काळी याच निर्मलात होत असे, असे सांगतात. तोफ आणि खेळणे एकाच गावच्या हातांनी घडावे, यात आम्हांला काही विपरीत वाटत नाही. हाताला कसब कळते, हेतू कळत नाही. हेतूची चौकशी डोक्याने करावयाची असते.

ती चौकशी आमच्या परिचयाच्या एका घरात गेली काही वर्षे चालू आहे. नातू हैदराबादेत नोकरीला आहे. फावल्या वेळात तो असली वाहने करतो आणि सणावारी इचोड्यास येताना एखादे डब्यात जपून आणतो. आजोबा माळकरी. युद्धाची खेळणी देवघराच्या भिंतीला लागून नकोत, असे त्यांचे म्हणणे. नातवाचे उत्तर ठरलेले असते : ‘आजोबा, हिला तोफच नाही. ही मारीत नाही, ओढून काढते.’ आजोबा यावर विचारतात, ‘काढून कुठे पाठवते?’ आमच्या मते या तीन शब्दांत साऱ्या वादाचे सार आहे. तथापि आधी नातवाची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती दुबळी नाही.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे १९९४ साली स्थापन झालेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे. ते पाहून आलेले लोक पॅटनच्या गोष्टी सांगतात. तेथेच उभा असलेला, पाठीवर पूल वाहणारा व्हॅलेंटाइन फारसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर साखळ्यांनी जमीन झोडपून सुरुंग फोडणारे आणि खंदक बुजविणारे जे चमत्कारिक रणगाडे उतरले, ते ज्याच्या डिव्हिजनचे, तो पर्सी होबार्ट नैनितालचा जन्मलेला आणि बंगाल सॅपर्समध्ये वाढलेला अधिकारी होता. त्याच्या यंत्रांना त्या वेळी गमतीने ‘विचित्र’ म्हणत. ओढणारे, खणणारे, बुजविणारे यांच्या वाट्याला थट्टा येते आणि कीर्ती तोफेकडे जाते. आपल्याकडच्या जुन्या फौजांबरोबर वाट सपाट करणारे बेलदार चालत आणि धान्याचे तांडे घेऊन बंजारे चालत. बखरींत त्यांना किती ओळी मिळाल्या?

एवढ्यावरून हे काम कमी धैर्याचे असे मात्र म्हणता येणार नाही. पुण्याजवळच्या खडकीचे बॉम्बे सॅपर्स घ्या. सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंह भगत यांनी १९४१ च्या आरंभी ॲबिसीनियात चार दिवस आणि ५५ मैल सैन्याच्या अग्रभागी राहून १५ सुरुंगक्षेत्रे शोधली आणि ती साफ करून घेतली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्याहून आपल्याला जवळचे उदाहरण कारवारजवळच्या चेंडियाचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे फौज निघाली तेव्हा रस्ता सुरुंगांनी आणि पाडलेल्या झाडांनी अडविलेला होता. ८ तारखेला शत्रूच्या तोफमाऱ्यात त्यांच्या तुकडीतील दोघे ठार झाले आणि पाच जखमी झाले. त्या जखमींत राणे स्वतःही होते. तरी ते मागे गेले नाहीत. रणगाड्याखालून, त्याच्याच गतीने सरपटत, दोरीच्या खुणेने चालकाला वाट दाखवीत त्यांनी रणगाडे पुढे काढले. ११ एप्रिलपर्यंत ते रस्ता मोकळा करीत राहिले. परमवीर चक्र स्वीकारण्यास स्वतः जिवंत उपस्थित राहिलेले ते पहिले वीर. या पराक्रमात त्यांच्या हाती शस्त्र म्हणावे असे काय होते? एक दोरी, आणि सुरुंग उकरणारी बोटे. नातू म्हणतो, मी या दोरीची प्रतिकृती करतो. तांब्याच्या बारीक तारा पिळून तो ओढदोर वळतो, त्यात त्याची एक अख्खी संध्याकाळ जाते.

आता आजोबांचा प्रश्न. रणांगणावर निकामी झालेला प्रत्येक रणगाडा नष्ट झालेला नसतो. कोणाचा पट्टा तुटलेला असतो, कोणी वाळूत बसलेला असतो, कोणाचे इंजिन बंद पडलेले असते. रात्री ज्याच्या ताब्यात ते मैदान राहते तो आपले रणगाडे ओढून नेतो, दुरुस्त करतो आणि पुन्हा लढाईत उतरवितो. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मन या कामात निष्णात होते. ब्रिटिशांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र दल उभारले, आणि पुढच्याच वर्षी हिंदुस्थानी सैन्यातही तसेच दल स्थापन झाले. तेच आजचे ईएमई. त्याचे महाविद्यालय आपल्या सिकंदराबादेत आहे आणि ‘कर्म ही धर्म’ हे त्याचे ब्रीद आहे. सप्टेंबर १९६५ मध्ये असल उत्तरच्या पाणी सोडलेल्या शेतांत पाकिस्तानी पॅटन रुतले आणि आपल्या हाती लागले. गावोगावच्या चौकांत विजयचिन्ह म्हणून जे पॅटन उभे राहिले, ते कोणीतरी ओढून काढले म्हणूनच तेथे पोहोचले. सारांश, ओढणारे यंत्र युद्धाच्या बाहेर नसते. ते युद्ध चालू ठेवते. ‘तोफ नाही’ एवढ्यावरून निर्दोषत्व सिद्ध होत नाही; तसे असते तर दारूगोळ्याची बैलगाडीही निर्दोष ठरली असती.

या बाबतीत जगाचा कायदा आजोबांच्या बाजूचा आहे. १९४९ च्या जिनिव्हा कराराने जखमींना वाहून नेणाऱ्या वाहनाला संरक्षण दिले. रणगाडा वाहून नेणाऱ्या वाहनाला दिले नाही. यातला भेद किती सूक्ष्म आहे हे पाहण्यासाठी फार दूर जावयास नको. १९८४ साली येद्दुमैलारम येथे स्थापन झालेल्या कारखान्यात ‘सारथ’ हे चिलखती वाहन बनते. त्याच सांगाड्यावर चिलखती रुग्णवाहिकाही झाली आणि त्याच सांगाड्यावर पाण्यात तरणारा चिलखती डोझरही झाला. पोलाद तेच आणि पट्टे तेच. एकावर तांबडा क्रूस रंगविला की ते अवध्य ठरते, आणि दुसऱ्यावर गोळी झाडणे हा युद्धाचा धर्म ठरतो. प्रतिकृती करणाऱ्याच्या टेबलावर तर हा फरक नखाएवढ्या चिकटचित्राचा. परंतु तो फरक खोटा नाही. एक वाहन माणसाला वाचविण्यासाठी थांबते आणि दुसरे यंत्राला वाचविण्यासाठी. उद्धार या शब्दाचा मूळ अर्थ वर उचलणे एवढाच आहे. काय उचलले, हे तो शब्द सांगत नाही.

आणि तरीही आमचे मन येथे थांबत नाही. आपण काळ्या जमिनीची माणसे. भर श्रावणात बैलगाडी आसापर्यंत रुतली की शेजारच्या रानातला माणूस आपली जोडी सोडून आणतो आणि चाकाला खांदा देतो. गाडी कोणाची, तीत काय भरले आहे, मालकाशी बांधाचे भांडण आहे की नाही, याची विचारपूस तो आधी करीत नाही. इर्जिकीची रीतच तशी आहे. आज महामार्गावर, निर्मलच्या अलीकडच्या घाटात लॉरी कलंडली तर क्रेनवालाही पावती मागण्याआधी साखळी अडकवितो (पैशाचे बोलणे मागून होते, आणि तेही थोडे नसते). अडलेल्याला आधी काढावे ही नीती फार जुनी आहे, आणि कशासाठी काढावयाचे हे आधी विचारावे ही नीतीही तितकीच जुनी आहे. या दोहोंची गाठ महाभारतात एका चाकाशी पडते. कर्णाच्या रथाचे चाक पृथ्वीने गिळले तेव्हा तो स्वतः खाली उतरला आणि अर्जुनाला थांबण्यास सांगू लागला. रुतलेल्यावर शस्त्र चालवू नये हा त्याचा दावा होता. द्यूतसभेत तुझा धर्म कोठे होता, हा कृष्णाचा प्रतिप्रश्न. हजारो वर्षे आपण या प्रसंगाशी अडखळत आलो आहोत, कारण दोघांचेही म्हणणे आपल्याला पटते. याच कृष्णाने जयद्रथवधाच्या दिवशी भर रणात अर्जुनाचे थकलेले घोडे सोडून त्यांच्या अंगातले बाण काढले होते, त्यांना पाणी पाजले होते. ती घोड्यांवरची माया होती की संध्याकाळपर्यंत जयद्रथाला गाठण्याची तजवीज होती? दोन्ही होती. एक हात चोळीत होता आणि त्याच हाताने पुन्हा लगाम धरावयाचा होता. रिकव्हरी गाडीचा चालक यापेक्षा वेगळा नाही, म्हणून त्याला केवळ सेवक म्हणणे चूक आणि केवळ संहाराचा भागीदार म्हणणेही चूक.

परंतु प्रतिकृती करणारा हा चालक नव्हे. तो कोणाला ओढीत नाही आणि कोणाला मारीतही नाही. मग त्याच्यापुढे नीतीचा प्रश्न उरतो तो कोणता? आमच्या मते सत्याचा. ॲरिस्टॉटलने म्हणून ठेवले आहे की ज्या वस्तू प्रत्यक्षात पाहवत नाहीत त्यांची हुबेहूब चित्रे पाहताना आपण सुखावतो, कारण त्यांतून आपण काही ओळखतो, शिकतो. १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी शिशाच्या शिपायांच्या खेळावर पुस्तक लिहिले आणि खऱ्या युद्धापेक्षा हे लहान युद्ध किती बरे, असे प्रतिपादन केले. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. खेळण्याने युद्ध थांबत नाही, हे त्यावरून मान्य करावे लागेल. खेळण्याने युद्ध होते, असे म्हणण्यासही आधार नाही. धोका वेगळ्या ठिकाणी आहे, आणि तो गणितात दिसतो. लांबी पस्तीस पटींनी घटते तेव्हा वजन ४२,८७५ पटींनी घटते. ४० टनांचे वाहन त्याच धातूत घडविले तरी ते एक किलोही भरणार नाही. प्रमाण सांभाळता सांभाळता जे सर्वांत आधी नाहीसे होते ते वजन. आणि रुतणे म्हणजे तर वजनच. टेबलावरचा रणगाडा कधीही खऱ्या अर्थाने रुतू शकत नाही, त्याला रुतलेला दाखवावा लागतो. आमच्या या तरुणाने घरच्या रानातली काळी माती वस्त्रगाळ करून, गोंदात कालवून पट्ट्यांना लावली. पहिल्या खेपेस ती साध्या चाळणीने चाळली होती. तेव्हा हरभऱ्याएवढे ढेकूळ त्या प्रमाणात भल्या धोंड्याएवढे दिसू लागले होते! मातीच्या बाबतीत इतका काटेकोर असलेला माणूस दुसऱ्या एका बाबतीत काटेकोर राहतो की नाही, हे पाहावयास हवे. ओढून काढलेल्या रणगाड्यात माणसे असतात, आणि ती नेहमीच जिवंत नसतात. त्यांना बाहेर काढण्याचे काम पुष्कळदा या ओढणाऱ्यांच्याच वाट्याला येते. कितीतरी देखाव्यांत गंज दिसतो, तेलाचे ओघळ दिसतात, जळका रंग दिसतो, परंतु हे काम दिसत नाही.

ते दाखवावे, असे आम्ही सुचविणार नाही. प्रेताचे खेळणे करणे हा त्याहून मोठा अपराध ठरेल, आणि बीभत्साला रस मानणाऱ्या आपल्या परंपरेनेही औचित्याची मर्यादा सोडलेली नाही. परंतु न दाखविलेल्या गोष्टीसाठी जागा सोडता येते. या वर्षी त्या तरुणाने जो देखावा आणला, त्यात रुतलेला रणगाडा आहे, ताणलेला दोर आहे, आणि तीन माणसे आहेत. दोघे दोराकडे पाहत आहेत. तिसरा रणगाड्याच्या उघड्या झाकणापाशी उभा आहे आणि त्याने टोपी काढून हातात धरली आहे. आत काय आहे ते दिसत नाही. आजोबांनी चष्मा पुसून तो देखावा बराच वेळ पाहिला. हा कोण, असे त्यांनी विचारले. नातू म्हणाला, हाही ओढणाऱ्यांतलाच. देवघराच्या भिंतीला लागून ठेवण्यास आजोबांनी याही वेळी नकार दिला. तो डबा सध्या ओसरीच्या फळीवर, तान्ह्या पोळ्याच्या बैलाशेजारी आहे.