फाइल गेली, झाड तिथेच आहे

तुमच्या मोबाइलमधला फोटो कुणी कॉपी करून घेतला, तर तुमच्याकडचा फोटो कमी होत नाही. मग तुमचं काही गेलं का?

पिकांच्या बाबतीत जगभरचे देश सध्या याच प्रश्नावर भांडतायत. तो समजून घ्यायला रबराच्या झाडापासून सुरुवात करू.

१८७६ साली हेन्री विकम या इंग्रजाने ब्राझीलमधल्या तापाजोस नदीकाठच्या जंगलातून रबराच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात पोचवल्या. त्यातल्या तीन हजारांहून कमी उगवल्या. ती रोपं श्रीलंका, सिंगापूरकडे गेली आणि आशियातले रबराचे मळे मुख्यतः त्यांच्याच वंशातून उभे राहिले. विकमला हजार बियांमागे १० पौंड मिळाले. पुढे ‘सर’ हा किताबही मिळाला. आणि आशियातल्या स्वस्त रबरापुढे १९१० नंतर ॲमेझॉनचा व्यापार कोसळला.

विकमच्या बाजूने दोन गोष्टी सांगतात. बिया बाहेर नेऊ नयेत असा कायदा तेव्हा ब्राझीलमध्ये नव्हता. आणि त्याने नेल्यामुळे जंगलातलं एकही झाड कमी झालं नाही. दोन्ही खरं आहे. तरी मन मानत नाही.

आज तर बीसुद्धा न्यावं लागत नाही. २०१३मध्ये मलेशियातल्या संशोधकांनी रबराच्या झाडाच्या संपूर्ण जनुकक्रमाचा पहिला मसुदा प्रसिद्ध केला. २०१६मध्ये त्याहून नेमके आराखडे आले. भाताच्या ८९ देशांतल्या सुमारे ३,००० वाणांचा जनुकक्रम २०१४पासून सर्वांसाठी खुला आहे. याचा उपयोग मोठा आहे. रबराचं झाड चीक द्यायला सहा-सात वर्षं घेतं, त्यामुळे नवा वाण तयार करण्यात दशकं जातात. जनुकक्रम वाचता आला, तर रोप कोवळं असतानाच ते पुढे कसं निघेल याचा अंदाज बांधता येतो.

१९९२च्या जैवविविधता करारानुसार आपल्या जैविक संपत्तीवर प्रत्येक देशाचा हक्क आहे. पण संपत्ती म्हणजे झाड, की झाड वाचून बनवलेली फाइलसुद्धा?

फाइल मोकळी असावी म्हणणाऱ्यांचं मला बरंचसं पटतं. प्रत्येकाने आपापलं बियाणं कुलपात ठेवलं असतं, तर कोकणात काजू आला नसता. तोही ब्राझीलचाच, पोर्तुगिजांनी आणला. मिरची आणि बटाटाही अमेरिका खंडातले. त्यासाठी आपण कुणाची परवानगी घेतली होती? उलट ब्राझीलची कॉफी मूळची आफ्रिकेतली. चोर ठरवायला बसलो तर कुणाचंच ताट स्वच्छ निघणार नाही.

म्हणून ‘तुमचं काय गेलं?’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. देणं फक्त नुकसानीतून लागतं असं नाही. मिळालेल्या गोष्टीतूनही लागतं. विचारायचं ते हे, की जे मिळालं ते कुणी जपलं होतं.

आशियातल्या रबराचा वंश मूठभर रोपांतून आलाय, त्यामुळे त्यात विविधता कमी. दक्षिण अमेरिकेत रबराच्या पानांवर एक बुरशी पडते. तिने हेन्री फोर्डचे ॲमेझॉनमधले मळे बसवले. ती आशियात आली तर तोंड द्यायला लागणारी विविधता अजून ॲमेझॉनच्या रानातच सापडेल. म्हणून १९८१मध्ये एक आंतरराष्ट्रीय मोहीम ब्राझीलच्या संमतीने तिथे गेली आणि आक्रे व शेजारच्या राज्यांतून साठ हजारांहून जास्त बिया गोळा झाल्या. यावेळी निम्म्या बिया ब्राझीलमध्येच राहिल्या.

त्याच आक्रे राज्यात चिको मेंडिस हा रबराचा चीक काढणारा माणूस राहत होता. गुरांच्या कुरणांसाठी रान तोडायला आलेल्यांसमोर तो आणि त्याचे सोबती उभे राहायचे. १९८८च्या डिसेंबरमध्ये त्याला त्याच्या घरी गोळी घालून मारलं. रान राखण्याची ही किंमत जनुकक्रमाच्या फाइलमध्ये कुठेच नोंदलेली नसते.

आणि फाइल पेरता येत नाही. झाडं बुरशीशी झगडत बदलत राहतात. फाइल म्हणजे त्यांचा एका दिवशी काढलेला फोटो. रान गेलं तर पुढचा फोटो नाही.

२०२४मध्ये कोलंबियातल्या काली शहरात देशांनी एक निधी ठरवला. अशा माहितीवर कमावणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा १ टक्का किंवा उलाढालीचा ०.१ टक्का त्यात द्यावा, आणि किमान निम्मा पैसा मूलनिवासी व स्थानिक समाजांच्या कामी यावा, अशी अपेक्षा आहे. सक्ती मात्र नाही.

मला ही सक्ती व्हायला हवी असं वाटतं. फाइल मोकळीच राहू द्या. गरीब देशातल्या विद्यार्थ्यालाही ती फुकट उघडता यावी. पण तिच्यातून पैसा झाला, की त्यातला वाटा रानाकडे परत जावा. आपण मराठीत ‘ऋण मानतो’ असं सहज म्हणतो. मानायला खर्च येत नाही, फेडायला येतो.