ढगाळ रात्रीची साक्ष

वाचकहो, एखादी गोष्ट सुंदर आहे आणि तिने कोणाचे नुकसानही होत नाही. मग ती खरी असण्याचा आग्रह कशासाठी? हा प्रश्न आपण एका निरुपद्रवी छंदाच्या निमित्ताने विचारात घेऊ.

इंग्लंडमधील हिवाळ्यात रात्री दीर्घ असतात. परंतु आकाश अनेकदा दिवसेंदिवस ढगांनी झाकलेले असते. अंगणात दुर्बीण मांडून दूरच्या दीर्घिकांची छायाचित्रे घेणारा हौशी मनुष्य वाट पाहत राहतो. हा प्रकाश इतका क्षीण असतो की, एका छायाचित्राने भागत नाही; अनेक छायाचित्रे एकावर एक जुळवावी लागतात. चौपट प्रकाश जमवावा, तेव्हा कोठे चित्रातील खरखर निम्म्यावर येते. आणि आकाश उघडते ते तासभर! अशा वेळी मोह होतो. आज संगणकाची काही साधने कॅमेऱ्याने न टिपलेले बारकावेही चित्रात भरू शकतात. पाहणारे वाहवा करतील. भेसळ बहुधा कोणाच्या लक्षातही येणार नाही.

दहाव्या शतकात अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी ताऱ्यांवरील आपल्या ग्रंथात देवयानी तारकासमूहातील एका अंधुक, ढगासारख्या ठिपक्याची नोंद केली. पुढे 1888 च्या डिसेंबरात आयझॅक रॉबर्ट्स या हौशी निरीक्षकाने लिव्हरपूलजवळून त्याचेच छायाचित्र घेतले आणि त्यात सर्पिल रचना उमटली. येथे एक सूर्यमाला जन्म घेत आहे, असे त्यांना वाटले. ते चुकले. ती आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे 1920 च्या दशकात एडविन हबल यांनी दाखवून दिले. तिचे अंतर आज सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे मानले जाते. रॉबर्ट्स यांनी लावलेला अर्थ गेला, छायाचित्र मात्र टिकले; कारण त्यात प्रकाशाचीच साक्ष होती. समजूत चुकली तर साक्षीच्या आधारे ती सुधारता येते. साक्षीतच भेसळ झाली, तर सुधारणार कशाच्या आधारे?

मग चित्रावर कोणताच संस्कार करू नये काय? तसे नाही. ढगाळ रात्री जाणकार एक काम उरकून घेतात. कॅमेऱ्याचे तोंड झाकून ते तेवढ्याच अवधीची काळी छायाचित्रे घेतात. त्यांत आकाश नसते. कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष तेवढे उमटतात. पुढे हे दोष खऱ्या चित्रातून वजा केले जातात. मर्यादा येथेच आहे. आपला दोष वजा करणे हा प्रामाणिकपणा. आपली इच्छा त्यात मिळवणे ही खियानत.

वाचकहो, ऐकलेली बातमी पुढे सांगताना, शेजाऱ्याविषयी मत देताना आपणही साक्षीदारच असतो. माहिती असते तासाभराची आणि चित्र मात्र पूर्ण हवे असते! आपल्या नजरेचाही हिशोब द्यावा लागेल, ही शिकवण आपणास ठाऊक आहे. म्हणून बोलण्यापूर्वी क्षणभर डोळे मिटून स्वतःला विचारावे: समोर काहीही नसताना माझ्या मनाला काय काय दिसत असते?